अप्पा पाण्यावर बसले

आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी गुरुनाथअप्पा यांनी, मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात, दुधाचा एक थेंब तोंडात घेतला नाही. रोज सकाळी पाच कॅन दूध त्यांच्या हाताखालून जायचं. ते लॅक्टोमीटर बुडवायचे, एक डोळा बारीक करून आकडा बघायचे, कॅनच्या झाकणावर थाप मारायचे आणि दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला न चुकता सांगायचे, "दूध वासराचं. माणसानं पिऊ न्हाय."

"मग आमी आणतोय ते काय ओढ्यात ओतावं का?" एका म्हाताऱ्यानं एकदा चिडून विचारलं.

"शहरात पाठवायचं," अप्पा म्हणाले. "तिथली माणसं ऐकत न्हाईत."

मी त्या गावच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सोबत आई. गाव माकणीपासून तीन कोसांवर. आम्हा मायलेकींना खोली मिळाली ती गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत, आणि वस्तीच्या पुढ्यातच सोसायटीची पत्र्याची इमारत. पुढं ओसरी, मधे दुधाची खोली, आणि मागच्या बाजूला दहा बाय दहाच्या खोलीत अप्पा. पन्नाशी उलटलेली, अंगानं काडी, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, डोक्यावर टोपी. बायको वारून बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, एवढं गावाकडून कळलं होतं. त्यांच्याकडून काहीच कळलं नव्हतं. ते फक्त शरीराबद्दल बोलायचे.

सोसायटीच्या कामासाठी महिन्यातून एकदा ते उमरग्याला जायचे आणि एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडून एक पातळ पुस्तिका घेऊन यायचे. वरती पिळदार दंडाच्या माणसाचं चित्र, आत बारीक टायपात निरोगी राहण्याचे उपाय. म्हणजे महिन्यातून एकदा आमच्या दारापुढं नवं प्रकरण सुरू व्हायचं.

एका महिन्यात निळ्या आणि तांबड्या बाटल्यांत पाणी भरून ते पत्र्यावर उन्हात ठेवू लागले. निळ्या बाटलीतल्या पाण्यानं डोकं थंड राहतं, तांबडीनं सांधे मोकळे होतात. तिसऱ्या दिवशी एका माकडानं तांबडी बाटली पळवली. त्यानंतर आठवडाभर कुठल्याही झाडावर माकड दिसलं की अप्पा दूधवाल्यांना थांबवायचे. "त्येच ते. सांधे बघा त्याचे."

पुढच्या महिन्यात प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा होता. एक भाकरी संपायला पाऊण तास लागायचा. घास तोंडात असताना बोलायचं नाही, असाही नियम होता. त्यामुळं कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते बोटांनी आकडे दाखवायचे आणि माणूस समजायचा की अप्पा दुधाचं फॅट सांगतायत. त्यावरून दोनदा भांडणं झाली.

मग उलटं चालणं आलं. पाठीचा कणा सरळ होतो म्हणे. सकाळी सोसायटीपासून मारुतीच्या देवळापर्यंत अप्पा पाठमोरे जायचे. आमच्या दारावरून जाताना आईवर त्यांची भिस्त.

"अप्पा, शेळी!" आई ओरडायची.

"डावीकडं का उजवीकडं?"

"तुमच्या डावीकडं!"

"उलटं चालताना डावं कोणतं धरायचं?"

तोवर शेळी आणि अप्पा एकमेकांना भेटलेले असायचे.

कुणी हसलं, कुणी टोमणा मारला, की अप्पांचं एकच उत्तर. "प्रयोग चालू हाय." सोसायटी चालू हाय, एसटी चालू हाय, असं सांगावं तितक्या थंड आवाजात. मला वाटायचं, या माणसाला लोकांच्या हसण्याचं काहीच लागत नाही. कातडीच तशी असेल.

मी आले त्याच्या तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. म्हणजे मृगात चार सरी आल्या, लोकांनी पेरून टाकलं, आणि नंतर आभाळानं तोंड फिरवलं. संक्रांतीपर्यंत आड आटले. माघात हातपंप नुसती हवा ओढू लागला. लोकांनी आधी भाकड जनावरं बाजारात नेली, मग दुभती. दुधाचे पाच कॅन दोनावर आले, मग एकावर, आणि चैत्रात अप्पा अर्ध्या कॅनच्या झाकणावर थाप मारू लागले.

पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. सोसायटीशेजारच्या कोरड्या आडात तो पाणी ओतायचा आणि बायका वरून पोहरे टाकायच्या. हॉर्न ऐकू आला की सगळं गाव धावत सुटायचं. हंड्यावर हंडा आपटायचा, दोरात दोर अडकायचे. एकदा त्या रेटारेटीत माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या पायावर भरलेला हंडा पडला आणि अंगठा फुटला. दुसऱ्या वेळी दोन सख्ख्या जावा आडाच्या काठावर अशा झटल्या की एक आत पडता पडता वाचली. टँकर रोज मिळावा म्हणून तालुक्याला तीन अर्ज गेले होते. गाड्या नाहीत, असं उत्तर तीनदा आलं होतं. लोक एकमेकांशी धड बोलेनासे झाले होते. कुणाच्या घरी किती हंडे भरून ठेवलेत, याच्यावर सगळ्यांची नजर.

अशातच एका सकाळी अप्पा आमच्या दारात आले. हातात पुस्तिका.

"बाई, एक गुपित हाय. कुणाला सांगायचं न्हाय."

"बोला की."

"अकरा दिवस लंघन. नुसत्या पाण्यावर. शरीरातली सगळी घाण निघून जाती. हितं लिवलंय, माणूस नव्यानं जन्मल्यागत हुतो."

"ह्या उन्हात, अप्पा?"

"आत्ताच बरं. दूध न्हाय, काम न्हाय. तुमी फकस्त रोज शाळेतनं आल्यावर माझी नाडी मोजायची. तुमच्याकडं घड्याळ हाय."

"मोजीन. पण गुपित कशाला?"

अप्पांनी पुस्तिका उलटीसुलटी केली. "लोकं हसत्यात, बाई," ते म्हणाले.

मला त्याचं नवल वाटलं, पण शाळेची घंटा झाली होती आणि मी निघाले.

खोलीतला पत्रा तापतो म्हणून अप्पांनी ओसरीवर चटई टाकली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि बसले. पहिला दिवस कुणाच्या लक्षातही आला नाही. दुसरा दिवस टँकरचा होता. सकाळपासून बायका ओसरीसमोर हंड्यांची रांग लावून बसल्या होत्या. त्यांत सरूबाई होती, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची.

"अप्पा, दुपार कलली. भाकरी खाल्ली का न्हाय?"

"न्हाय. अकरा दिवस न्हाय."

"का वो?"

पन्नास बायका बघत होत्या. पोट साफ करतोय, असं पन्नास बायकांना कसं सांगायचं? अप्पांनी मान खाली घातली आणि विषय मिटवायला म्हणाले, "पाण्यावर बसलोय."

त्यांना म्हणायचं होतं, नुसत्या पाण्यावर राहिलोय. पण चार दिवस रिकाम्या हंड्यापाशी बसलेल्या बाईला पाण्यावर बसणं म्हणजे एकच कळतं.

मी पाच वाजता शाळेतून परत आले तेव्हा अप्पांच्या गळ्यात हार होता. ओसरीत माणूस मावत नव्हतं. भिंतीवर कुणीतरी माझ्याच वर्गातला खडू आणून हातभर अक्षरांत लिहिलं होतं: रोज टँकर मिळालाच पाहिजे. आमरण उपोषण.

मी नाडी बघायला म्हणून वाकले. अप्पांनी माझं मनगट उलट धरलं.

"बाई, 'आमरण' कुणी लिवलं? म्या अकरा म्हणलं हुतं."

"मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते."

मी उठून उभी राहिले. "ऐका जरा," म्हणाले आणि सगळे गप्प झाले. सरूबाई पुढं आली. त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. तिच्या दोन्ही हातांत दोन हंडे तसेच होते.

"बाई, तुमी शिकलेल्या. आता तरी रोज यील का वो पाणी?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा त्या दोन हंड्यांकडं बघत होते. बराच वेळ बघत होते.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ते हळूच म्हणाले. "अकरा दिवस तर हायतच. त्यात लोकांचं काम झालं तर झालं."

असं ते ठरलं. पुस्तिका त्यांनी चटईखाली सरकवली. खरं काय ते गावात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक उपाशी होता. मला रात्री जेवण जाईना.

चौथ्या दिवशी चेअरमन आले. सोसायटीचे चेअरमन आणि गावचे सरपंच एकच. सगळे त्यांना चेअरमनच म्हणायचे. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. फटफटी त्यांनी ओसरीच्या पायरीला भिडवूनच उभी केली.

"कुणी बसवलंय तुमाला, अप्पा?"

"कुणी न्हाय."

"अर्ज करायचे म्या, तीनदा, आन उपोषणाला तुमी? सोसायटीच्या ओसरीवर सोसायटीचाच नोकर! तालुक्याला माझं तोंड काय ऱ्हायलं? उठा. न्हायतर सोमवारपास्नं दुसरा सेक्रेटरी बघतो. खोली बी रिकामी करा."

अप्पांना दुसरं घर नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. मी डोळ्यांनी खुणावलं, सांगा, आता तरी सांगा.

अप्पांनी तांब्यातून घोटभर पाणी घेतलं. तोंडात घोळवलं. गिळलं.

"मागणी तुमच्याकडं न्हाय, चेअरमन. तुमी बी बसा की शेजारी."

कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमनचा चेहरा तांबडा झाला. फटफटीला त्यांनी तीन किका मारल्या तेव्हा ती सुरू झाली.

पाचव्या दिवशी जीप आली. तालुक्याचे एक साहेब आणि एक डॉक्टर. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा दाबून बघितला, आणि साहेबांच्या कानाशी लागले. साहेब म्हणाले, "आजोबा, तुमची मागणी काय आहे ती मांडा."

"पाणी," अप्पा म्हणाले.

"गाड्या नाहीत. असत्या तर दिल्या नसत्या का? तुम्ही आधी उमरग्याला दवाखान्यात चला. तुमचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

दोन शिपायांनी अप्पांना उचलायला हात घातला. तेवढ्यात सरूबाई जीपच्या पुढं जाऊन मातीत बसली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. बघता बघता चाकांभोवती लुगडीच लुगडी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ऊन रणरणत होतं, साहेबांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. शेवटी ते जीपमध्ये चढले आणि म्हणाले, "दोन दिवसांत ऐकलं नाही तर पोलीस घेऊन येईन." बायकांनी त्यांना मागं जाण्यापुरती वाट दिली.

मी अप्पांपाशी जाऊन बसले. "बाई," ते पुटपुटले, "पुस्तिकेत पोलिसाचं काय लिवलेलं न्हाय."

सहाव्या दिवशी आईनं मुगाचं कढण केलं. घरातलं शेवटचं अर्धी घागर पाणी होतं, त्यातलं तांब्याभर त्यात घातलं. वाटी घेऊन ती ओसरीवर गेली. मी मागोमाग.

"घ्या अप्पा. डॉक्टर म्हणला पातळ चालतंय."

"नको."

"दोन घोट."

"न्हाय, नको."

आई वाटी खाली ठेवून त्यांच्यासमोर बसली. "आमच्या हातचं चालत न्हाय, आसं सरळ सांगा की. तीन वरसं बघतीया. आमच्या घरचा घोटभर च्या घेतला न्हाय तुमी कधी."

पडून राहिलेले अप्पा एकदम हातावर रेलून उठले. दोन दिवसांत त्यांना मी असं उठलेलं पाहिलं नव्हतं.

"आवो, च्या तर म्या कुणाच्याच घरचा घेत न्हाय. च्या विष हाय."

"आन भाकरी? ती बी विष?"

अप्पांनी वाटीकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमी कदी जेवा म्हणलाच न्हाईत."

खरंच म्हटलं नव्हतं. ते येणार नाहीत असं धरून आम्ही विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारत नाही असं धरून ते आले नव्हते.

"म्हणलं आसतं तर?" आईनं विचारलं.

"आलो आसतो."

"मग आत्ता म्हणते. उठा आन जेवा."

"आणखी पाच दिवस," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटले. आईनं वाटी उचलली. घरी येऊन तिनं मला विचारलं, "ह्यो माणूस टँकरसाठी बसलाय, तर दिवस कशाला मोजतोय?" मी चुलीत लाकूड सारलं.

सातव्या दिवशी ते पडले. लघवीला म्हणून भिंत धरून चालले होते, भिंत संपली आणि ते खाली. कपाळाला खोक. चार जणांनी उचलून आणलं. जीभ पांढरी, ओठांना चिरा. मी मनगट धरलं आणि घड्याळ बघत राहिले. ठोके मोजता मोजता एक ठोका यायचाच नाही. मी वाट बघायची. मग यायचा.

मी सरळ चेअरमनच्या घरी गेले. ते सोप्यात फेऱ्या मारत होते. मी सगळं सांगून टाकलं. पुस्तिका, लंघन, पाण्यावर बसणं. "त्यांना उठवा," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांसमोर सांगा की हे उपोषण नाही. हसतील लोक. पण माणूस वाचेल."

चेअरमन माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"म्हंजे पोट साफ करायला बसलाय? आन म्या तीन रात्री झोपलो न्हाय?"

त्यांना हसू यायला लागलं. पोट धरून हसले. मला रडू यायला लागलं, तसं त्यांचं हसू ओसरलं. माजघरातून त्यांची बायको रिकामी घागर घेऊन दारात येऊन उभी होती. तिनंही सगळं ऐकलं होतं. चेअरमननी तिच्या हातातल्या घागरीकडं बघितलं.

"आनी कुणाला सांगितलंय?"

"कुणाला नाही."

"मग सांगू नका. मेला तर हुतात्मा हुईल आन तसाच उठला तर येडा ठरंल. आपल्याला दोन्ही नको, बाई. आपल्याला टँकर पायजे." त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "सोमवारचं म्या बोललो ते बी इसरा. आत्ताच जातो तालुक्याला. नाडी किती हाय म्हणला? त्यातली धा कमी करून सांगतो."

ते त्या दिवशी परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठव्या दिवशी अप्पा फारसे बोलले नाहीत. ओसरीवर मात्र माणसं होती. कुणी वारा घालत होतं, कुणी कपाळावर ओली पट्टी बदलत होतं. प्यायला पाणी नसलेल्या गावात कुठूनशी त्या पट्टीपुरती वाटी भरून येत होती. ज्या जावा आडाच्या काठावर झटल्या होत्या त्या पाळीपाळीनं अप्पांच्या उशाशी बसत होत्या. भजन म्हणणाऱ्यांना मी दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा अप्पांनीच हात हलवून सांगितलं, म्हणू द्या.

नवव्या दिवशी दुपारी धूळ दिसली. पुढं चेअरमनची फटफटी, मागं जीप, आणि जीपच्या मागं टँकर. लोक धावले. पण साहेब जीपच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचून दाखवला. आजपासून रोज एक टँकर. शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. मग साहेबांनी हात वर केला.

"आधी उपोषण सुटेल. मगच टँकरचा व्हॉल्व्ह उघडेल. मला लेखी कळवायचंय."

थर्मासमधून मोसंबीचा रस आणला होता. पेला भरला गेला. चेअरमननी तो स्वतःच्या हातानं अप्पांच्या ओठांशी नेला.

अप्पांनी ओठ मिटून घेतले.

"आणखी दोन दिवस," ते म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "आता आणखी काय मागणी आहे?"

"न्हाय. मागणी काय न्हाय."

"मग?"

अप्पांनी पेल्यावरून मान फिरवली. टँकरच्या मागच्या तोटीतून थेंब थेंब पाणी मातीत पडत होतं आणि दोनशे माणसं त्या थेंबांकडं बघत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आता नाटकं कशाला?" दुसरा म्हणाला, "प्या म्हणावं!" सरूबाई हात जोडून पुढं आली. "अप्पा, पोरं तहानल्यात वो." साहेब चेअरमनना म्हणाले, "मी गाडी परत नेतो." चेअरमननी माझ्याकडं बघितलं. ते आता सांगून टाकणार, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि चटईवर बसले. मला राग आला होता.

"अप्पा, पुस्तिकेत अकरा लिहिलेत म्हणून? माणसं उन्हात उभी आहेत आणि तुम्हाला प्रयोग पुरा करायचाय?"

त्यांनी मान हलवली. मला जवळ बोलावलं. इतका बारीक आवाज की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"बाई, एक इचारू? ह्ये पिलं, की ही माणसं उठून जात्याल का?"

मी मान वर करून ओसरीपुढं उभ्या माणसांकडं बघितलं.

"रोज सकाळी कुणी ना कुणी इचारतंय, अप्पा, झोप लागली का. रोज. नऊ दिवस झाले." ते थांबले, दम घेतला. "सरळ चालणाऱ्याला कोण इचारतंय, बाई? उलटं चाललं की चार माणसं थांबत्यात. हसायला का हुईना, थांबत्यात. म्हणून म्हणलं... दोनच दिवस ऱ्हायलेत."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. पण हातात पेला होता आणि समोर टँकर होता. नाही, जाणार नाहीत, असं खोटं तोंडावर येत होतं.

आई माझ्या मागंच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जात्याल," ती म्हणाली. "पाणी भरायचंय त्यांना. जात्याल न्हाय तर काय." तिनं माझ्या हातातून पेला घेतला. "म्या थांबते."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. साहेब घड्याळ बघत होते. मग अप्पांनी तोंड उघडलं. आईनं पेला तिरका केला. रस घशाखाली उतरताना त्यांच्या मानेची शीर वर-खाली होताना दिसली. त्यांनी चावल्यासारखं केलं, बहुधा सवयीनं. पेला रिकामा झाला तेव्हा चेअरमननी टाळी वाजवली, डॉक्टर पट्टा घेऊन पुढं सरसावले, आणि ड्रायव्हरनं व्हॉल्व्ह उघडला.

पाच मिनिटांत ओसरी रिकामी झाली. कुणाचं काही चुकलं नव्हतं. आडात पाणी पडण्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी दिली, साहेबांनी अप्पांचा अंगठा घ्यायला कागद पुढं केला तर अप्पांनी सावकाश, पूर्ण सही केली. जीप गेली. चेअरमन रांग लावायला पळाले.

मीही हंडे घेऊन गेले. पहिला भरून घरी ठेवला आणि दुसऱ्यासाठी परत येत होते. ओसरीच्या खांबाला टेकून आई बसली होती, पाय पसरून, घरात बसते तशी. अप्पा उशीला टेकले होते.

"नाव काय हुतं त्यांचं?" आई विचारत होती.

"कुणाचं?"

"तुमच्या मालकिणीचं."

अप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. गावात तीन वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"गौरव्वा," ते म्हणाले. "लई बोलायची. म्या म्हणायचो, जरा गप ऱ्हा की."

"मग?"

"न्हाय ऱ्हायली गप. कदीच न्हाय."

आई हसली. अप्पाही हसले असावेत. फुटलेल्या ओठांनी नीट कळत नव्हतं. मी थांबले नाही. रांगेत जाऊन उभी राहिले. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पण अप्पांचे दोन्ही हात हलताना दिसत होते. उन्हं उतरली, माझ्या पुढच्या वीस बायकांनी पाणी भरलं, माझा नंबर आला, मी हंडा भरून डोक्यावर घेतला, आणि ते अजून बोलतच होते.